कुलिंगिया प्रकरण: दगडावरची वर्तुळे आणि हायड्रोझोआंचा आरंभ

उत्तर स्वीडनमध्ये, आर्क्टिक वृत्ताच्याही वर, टॉर्नेट्रेस्क नावाचे लांबट सरोवर आहे. त्याच्या परिसरातील प्राचीन थरांत एकाच केंद्राभोवती काढलेल्या अनेक वर्तुळांच्या चकत्या सापडल्या. १९७९ साली स्वेन फ्योन आणि मार्टिन ग्लेस्नर यांनी नॉर्वेतील प्रीकँब्रियन-कँब्रियन संक्रमणावर, म्हणजे सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वीच्या कालसीमेवर, शोधनिबंध लिहिला आणि त्यात या चकत्यांना ‘कुलिंगिया कॉन्सेंट्रिका’ असे नाव दिले. त्यातील ‘कुलिंगिया’ हे नाव स्वीडिश भूवैज्ञानिक ऑस्कर कुलिंग यांच्यावरून आले. त्यानंतर सुमारे दोन दशके कुलिंगियाची गणना जेलीफिशसारख्या दिसणाऱ्या तरंगत्या हायड्रोझोआंमध्ये, म्हणजे तेव्हा ‘कॉन्ड्रोफोर’ म्हटल्या जाणाऱ्या गटात होत राहिली. हायड्रोझोआ हा जेलीफिश आणि प्रवाळ यांच्या निडारिया संघातील एक वर्ग आहे. १९९१ साली गाय नार्बोन आणि सहकाऱ्यांनी कॅनडातील न्यूफाउंडलंडमधून, कँब्रियन कालखंडाच्या अगदी तळाच्या थरांतून, अशाच चकतीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तिलाही कॉन्ड्रोफोरच ठरवले. २००२ साली सोरेन जेन्सेन, जेम्स गेलिंग, मेरी ड्रोसर आणि स्टीफन ग्रँट यांनी ‘लेथाया’ या नियतकालिकात वेगळेच उत्तर मांडले. त्यांच्या मते कुलिंगिया हे कोणत्याही प्राण्याचे शरीर नव्हते, तर समुद्रतळाच्या गाळावर उमटलेले ओरखड्याचे वर्तुळ होते.

एका नावाचे असे होणे पुराजीवशास्त्रात नवे नाही. तरीही हे प्रकरण तपशिलाने अभ्यासण्याजोगे आहे, कारण हायड्रोझोआंच्या प्रारंभिक उत्क्रांतीचे चित्र बराच काळ ज्या पुराव्यावर उभे होते, त्यातील बहुतेक पुरावा याच जातीचा होता: चकती, तिच्यावरची वर्तुळे, आणि आजच्या एका प्राण्याशी दिसणारे साम्य.

साम्य कशाशी होते

तो आजचा प्राणी मराठी वाचकाला अगदीच अपरिचित नाही. पावसाळ्यात आणि त्याच्या आगेमागे, वारा किनाऱ्याकडे असला की कोकण आणि गोव्याच्या पुळणींवर निळ्या झालरीच्या लहान चकत्या येऊन पडतात. हा पॉर्पिटा पॉर्पिटा. त्याच सुमारास मुंबईच्या किनाऱ्यांवर येणाऱ्या आणि वेदनादायक दंश करणाऱ्या निळ्या फुग्यासारख्या फिजॅलियाची बातमी होते. पॉर्पिटाकडे मात्र सहसा कोणी वळून पाहत नाही. दोघेही हायड्रोझोआ वर्गातील असले तरी त्यांचे नाते जवळचे नाही. फिजॅलिया हा सायफोनोफोरा गटातला आहे. पॉर्पिटा आणि त्याचा तिरक्या शिडाचा भाऊबंद वेलेला यांना पूर्वी त्याच गटात घालत असत, पुढे त्यांच्यासाठी कॉन्ड्रोफोरा असा स्वतंत्र गण करण्यात आला, आणि आता ते कॅपिटाटा या हायड्रोझोआ शाखेतील पॉर्पिटिडी नावाचे एक कुल मानले जातात. वर्गीकरणातील या बदलाला पुढे फार महत्त्व येणार आहे.

पॉर्पिटाला लोक जेलीफिश म्हणत असले तरी त्याची तरंगती चकती ही जेलीफिश नव्हे. हायड्रोझोआंच्या जीवनचक्रात सामान्यतः दोन अवस्था असतात: तळाला चिकटून राहणारा किंवा वसाहत करणारा पॉलिप, आणि मुक्तपणे पोहणारा, लैंगिक प्रजनन करणारा छत्रिक, म्हणजेच मेड्युसा. पॉर्पिटाची निळी चकती ही पॉलिप अवस्था आहे. तिच्या खालच्या बाजूस मध्यभागी एक मोठे तोंड असते, त्याभोवती प्रजननाचे काम करणारे जीवक असतात आणि कडेला संस्पर्शकांची झालर असते. प्रजनन करणाऱ्या जीवकांपासून जे खरे छत्रिक सुटतात ते जेमतेम मिलिमीटरभराचे असतात आणि किनाऱ्यावर फिरणाऱ्याच्या दृष्टीस ते कधीच पडत नाहीत.

जीवाश्मांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे चकतीच्या आतले तरंडक. ते कायटिनचे, म्हणजे कीटकांच्या कवचात असणाऱ्या चिवट द्रव्याचे बनलेले असते. त्यात एकाबाहेर एक अशा वर्तुळाकार हवेच्या पोकळ्या असतात, आणि प्राणी वाढतो तसतशी कडेला नवी पोकळी जोडली जाते. जेलीफिशचे शरीर बहुतांशी पाण्याचे असल्याने ते दगडात टिकणे दुर्मीळ. कायटिनचे तरंडक मात्र मऊ भाग कुजून गेल्यावरही काही काळ शाबूत राहते. वेलेलाची वाळलेली, पारदर्शक कागदासारखी तरंडके जगभरच्या किनाऱ्यांवर ढिगाने पडलेली दिसतात. म्हणून प्राचीन थरांत एककेंद्री वर्तुळांची चकती सापडली तर ती कॉन्ड्रोफोरचे तरंडक असावी, हा तर्क मुळात वाजवी होता. मऊ शरीराच्या निडारियांपैकी टिकून राहण्याची शक्यता ज्यांची जास्त, तेच जास्त सापडणार, असे त्यामागे गृहीत होते.

या तर्काला आधीची पार्श्वभूमीही होती. १९४६ साली दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या इडिआकारा टेकड्यांत रेजिनाल्ड स्प्रिग यांना चकतीसारखे ठसे मिळाले आणि त्यांनी ते जेलीफिशचे म्हणून प्रसिद्ध केले. पुढे ग्लेस्नर आणि मेरी वेड यांनी या जीवसमूहाचा सविस्तर अभ्यास केला. ओव्हॅटोस्क्यूटम, कॉन्ड्रोप्लॉन आणि इओपॉर्पिटा अशी नावे त्यातून आली. यांपैकी शेवटच्या नावातच ‘आद्य पॉर्पिटा’ हा अर्थ आहे. १९७९ साली ग्लेस्नर टॉर्नेट्रेस्कच्या चकत्यांकडे पाहत होते तेव्हा कॉन्ड्रोफोर हा इडिआकारन, म्हणजे कँब्रियनच्या लगेच आधीच्या कालखंडातील, समुद्राचा नेहमीचा रहिवासी आहे, हे त्यांच्या दृष्टीने जवळजवळ ठरलेले होते. त्यांनी घाई केली असे मला वाटत नाही. हाताशी असलेल्या चौकटीत ते उत्तर सर्वांत जवळचे होते.

परकाराची रेघ

ओरखड्याचे वर्तुळ तयार होण्याची क्रिया साधी आहे. एखादी लवचीक वस्तू एका टोकाला गाळात रुतलेली असते आणि तिचे उरलेले अंग तळावर आडवे पडलेले असते. पाण्याचा प्रवाह दिशा बदलतो तसे ते अंग रुतलेल्या टोकाभोवती फिरते आणि त्याच्यावरचे उंचवटे, कंगोरे किंवा टोके गाळावर परकाराने काढावीत तशी वर्तुळे ओढतात. जमिनीवर वाऱ्यानेही हेच घडते. समुद्रकिनाऱ्यावरील गवताची वाकलेली पाने कोरड्या वाळूवर अर्धवर्तुळे आणि कधी पूर्ण वर्तुळे काढतात, हे कोणत्याही वाऱ्याच्या पुळणीवर पाहता येते. समुद्रतळावर अशा वर्तुळांवर नंतर वाळूचा थर पसरला, तर गाळातील चर वाळूने भरतात आणि कालांतराने वालुकाश्माच्या खालच्या पृष्ठावर ती वर्तुळे उंच कडांच्या रूपात उतरतात.

अशा खुणेची आणि तरंडकाची वर्तुळे पहिल्या नजरेत सारखी दिसतात, परंतु दोन्हींमागची कारणे वेगळी असल्याने त्यांच्यापासून अपेक्षाही वेगळ्या ठेवाव्या लागतात. तरंडकाची वर्तुळे वाढीची असतात. त्यामुळे लहान आणि मोठ्या नमुन्यांत वर्तुळांची संख्या आणि अंतरे यांच्यात काही नाते असायला हवे. तरंडक ही वस्तू असल्याने ती दुमडते, फाटते, एका बाजूला चेपते, दुसऱ्या तरंडकावर पडते. गाळाच्या वजनाने तिच्यावर सुरकुत्या येतात. शिवाय पॉर्पिटासारख्या प्राण्यात केंद्रातून कडेकडे जाणाऱ्या अरीय रचनाही असतात आणि चांगल्या जतन झालेल्या नमुन्यात संस्पर्शकांचा काहीतरी माग मिळावा अशी अपेक्षा रास्त ठरते.

ओरखड्याच्या वर्तुळाला यांपैकी काहीच लागू नाही. त्यात वर्तुळांमधील अंतर ठरते ते फिरणाऱ्या अंगावरील उंचवट्यांच्या अंतरावरून, वयावरून नव्हे. ही वर्तुळे दुमडू शकत नाहीत, कारण दुमडायला मुळात वस्तूच नसते. ती भूमितीच्या दृष्टीने जवळजवळ निर्दोष असतात. प्रवाह अर्ध्यावर थांबला तर मात्र ती पूर्ण न होता कमानीच राहतात, आणि रुतलेले टोक किंचित सरकले तर एका केंद्राच्या कमानी दुसऱ्या केंद्राच्या कमानींना छेदतात. अरीय रेषा त्यांत अपेक्षित नसतात. केंद्रात मात्र रुतलेल्या टोकाची काही खूण राहू शकते.

जेन्सेन आणि सहकाऱ्यांनी कुलिंगियाचे जे स्पष्टीकरण दिले ते असे: गाळात एका टोकाला रुतलेला, नळीसारखा जीव प्रवाहाने आपोआप फिरला आणि त्याने ही वर्तुळे काढली. प्राणी स्वतः हालचाल करत नव्हता. त्याचे शरीर हे केवळ प्रवाहाच्या हातातले लेखणीचे टोक झाले. मला या स्पष्टीकरणाचे बळ त्याच्या साधेपणात दिसते. कुलिंगियाची जी रेखीवता तिला जेलीफिश ठरवण्याचे कारण झाली होती, तीच रेखीवता जैविक देहाच्या विरुद्ध जाणारा पुरावा आहे. मऊ शरीराचा प्राणी गाळाखाली दबून, कुजून, चेपून इतका अचूक गोल राहणे हीच खरी आश्चर्याची गोष्ट ठरली असती.

२०१८ साली जेन्सेन आणि त्यांच्या मोठ्या चमूने आर्क्टिक नॉर्वे आणि आफ्रिका खंडाचा दक्षिण भाग येथील इडिआकारन व कँब्रियन थरांतील ओरखड्याच्या वर्तुळांचे वर्णन केले आणि अशा नोंदींचा आढावाही घेतला. म्हणजे ही स्वीडनपुरती अपवादात्मक घटना नव्हती. आणि कुलिंगिया जेलीफिश नाही म्हणून ती निरुपयोगी झाली, असेही नाही. तळाला बांधलेला, आडवा पडू शकणारा जीव तेथे होता, प्रवाह दिशा बदलत होता, आणि गाळाचा पृष्ठभाग बारीक चर जपून ठेवण्याइतका घट्ट होता, या तीन गोष्टी ती एकाच वेळी सांगते. इडिआकारन समुद्रतळ सूक्ष्मजीवांच्या पटलांनी बांधलेला असे, हे इतर पुराव्यांवरूनही ज्ञात आहे. शेवटची गोष्ट त्याच्याशी जुळते.

वंशवृक्षाने आधीच दिलेला इशारा

कुलिंगियाचा निकाल खडकावरून लागला, पण तो दुसऱ्या बाजूनेही लागू शकला असता, असे मला वाटते. निडारिया संघात एका बाजूला समुद्रफुले आणि प्रवाळ यांचा अँथोझोआ गट आहे आणि दुसऱ्या बाजूला मेड्युसोझोआ. मेड्युसोझोआत हायड्रोझोआ, खरे जेलीफिश म्हणजे स्कायफोझोआ, घनाकृती क्युबोझोआ आणि देठाचे स्टॉरोझोआ येतात. हायड्रोझोआंची पुन्हा ट्रॅकिलिना आणि हायड्रॉइडोलिना अशी विभागणी होते. हायड्रॉइडोलिनात सायफोनोफोरा, लेप्टोथेकाटा आणि अँथोअथेकाटातील अनेक शाखा आहेत. त्यांतली एक कॅपिटाटा, आणि कॅपिटाटाच्या आत पॉर्पिटिडी. डीएनएच्या आधारे बांधलेले वंशवृक्ष पॉर्पिटा आणि वेलेलाला याच आतल्या फांदीवर ठेवतात. ते सायफोनोफोराचे निकटचे नातलग नाहीत आणि हायड्रोझोआंच्या मुळाशीही नाहीत.

याचा अर्थ असा की सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वी पॉर्पिटासारखा प्राणी खरोखर तरंगत असेल, तर त्याआधीच अँथोझोआ आणि मेड्युसोझोआ, हायड्रोझोआ आणि इतर वर्ग, ट्रॅकिलिना आणि हायड्रॉइडोलिना, आणि हायड्रॉइडोलिनातील कॅपिटाटाकडे जाणारी शाखा, हे सगळे वेगळे झालेले असायला हवे. यांपैकी प्रत्येक फाट्यासाठी पुरावा नसलेल्या कोट्यवधी वर्षांची वंशरेषा गृहीत धरावी लागते. हे अशक्य नाही. रेणवीय अंदाज मेड्युसोझोआंचा उगम प्रीकँब्रियनमध्येच नेतात. पण एवढा मोठा भार फक्त एककेंद्री वर्तुळांवर टाकता येत नाही. पॉर्पिटाचे तरंगते जीवन ही हायड्रोझोआंतील एक विशेष, बरीच पुढची तडजोड आहे. तिला सर्वांत प्राचीन जीवाश्म बहाल करताना आपण वंशाचा शेंडा मुळाच्या जागी ठेवत आहोत, याची जाणीव १९७९ मध्ये नव्हती, कारण तेव्हा वंशवृक्षाची ही रचना कोणाच्या हाताशी नव्हती. आज ती आहे, म्हणून आज तीच चूक क्षम्य ठरणार नाही.

इतर चकत्यांचे पुढे काय झाले

कुलिंगियाच्या आधी आणि नंतर इतर ‘कॉन्ड्रोफोर’ही एकेक करून गटाबाहेर गेले, आणि प्रत्येकाची वाट वेगळी होती. कॉन्ड्रोप्लॉन हा डिकिन्सोनिया या चपट्या, लंबगोल इडिआकारन जीवाचाच एक नमुना असल्याचे हान्स हॉफमन यांनी १९८८ साली दाखवले. इओपॉर्पिटाच्या बाबतीत तो पाण्यात तरंगत नव्हता, तर समुद्रतळावर राहणारा जीव होता, या मताकडे अभ्यासक झुकले. इडिआकारातील इतर अनेक गोल ठसेही, जे एकेकाळी जेलीफिशचे मानले जात, आज पिसासारख्या उभ्या जीवांना तळाशी धरून ठेवणाऱ्या बुंध्याचे ठसे म्हणून समजले जातात.

डिकिन्सोनियाचे नाव निघाले आहे म्हणून एक भारतीय प्रसंग येथे नोंदवतो. २०२१ साली मध्य प्रदेशातील भीमबेटका येथील गुहेच्या भिंतीवरची एक आकृती डिकिन्सोनिया असल्याचा दावा प्रसिद्ध झाला आणि त्याला मोठी प्रसिद्धी मिळाली. २०२३ मध्ये जोसेफ मीर्ट आणि सहकाऱ्यांनी ती आकृती म्हणजे भिंतीवरून झडत चाललेल्या मधमाश्यांच्या पोळ्याचा अवशेष असल्याचे दाखवून दिले. आकाराच्या साम्यावर विसंबण्याचा धोका १९७९ पुरता नव्हता, हे यावरून दिसते.

अधिक गुंतागुंतीचे प्रकरण पॅरोप्सोनेमाचे आहे. न्यूयॉर्क राज्यातील, कँब्रियनच्या बऱ्याच नंतरच्या डेव्होनियन काळातील खडकांतली ही मोठी, अरीय रेषांची चकती कुलिंगियासारखा ओरखडा नव्हे. ती निःसंशय एका प्राण्याची आहे, आणि अनेकांनी तिला कॉन्ड्रोफोर मानले होते. जेम्स हॅगडॉर्न आणि वॉरन ऑलमन यांनी २०१९ साली त्रिमितीय जतन झालेल्या नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हा प्राणी आता एल्डोनिइड समूहाच्या नातलगांत धरला जातो. एल्डोनिया हा कॅनडातील बर्जेस शेल या कँब्रियन थरांमधील चकतीसारखा प्राणी चार्ल्स वॉलकॉट यांनी १९११ मध्ये समुद्रकाकडीच्या गटात घातला होता. त्याच्या शरीरात वळणदार अन्नमार्ग दिसतो. निडारियांना आरपार अन्नमार्ग नसतोच, त्यामुळे असा अन्नमार्ग दिसला की त्या चकतीचा हायड्रोझोआंशी संबंध संपतो. कुलिंगियाचा प्रश्न ‘हा देह आहे की खूण’ असा होता. पॅरोप्सोनेमाचा प्रश्न ‘देह आहे, पण कोणाचा’ असा आहे. दुसरा प्रश्न माझ्या मते अधिक कठीण आहे, कारण तेथे वाढीची वर्तुळे, अरीय रेषा आणि सममिती हे सगळे खरेच असते आणि तरीही निष्कर्ष चुकतो. पश्चिम अमेरिकेतील कँब्रियन चकत्यांवर ब्रूस लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली लिहिलेल्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच त्या ‘पॉर्पिटिड किंवा एल्डोनिडसारख्या’ असल्याचे म्हटले आहे. निर्णय खुला ठेवण्याची ही पद्धत मला योग्य वाटते.

काय टिकले

सर्व चकत्या गेल्या, असे मात्र झालेले नाही. जर्मनीतील हुन्सरुक पाटीच्या दगडांतील प्लेक्टोडिस्कस डिस्कॉइडियस हा जीवाश्म १९३९ साली राउफ यांनी वर्णन केला होता. हे थर पूर्व डेव्होनियन काळातले, सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचे, आणि त्यांतील मऊ अवयव पायराइट या लोहयुक्त खनिजाने जतन झाले आहेत. पायराइट क्ष-किरणांना अडवतो, त्यामुळे दगड न फोडता आतली रचना पाहता येते. विल्हेल्म श्ट्युर्मर यांनी याच तंत्राने हुन्सरुकचे असंख्य जीवाश्म तपासले, आणि १९८३ साली एलिस योखेल्सन, श्ट्युर्मर आणि जॉर्ज स्टॅन्ली यांनी प्लेक्टोडिस्कसचे नव्याने वर्णन करून त्याला कॉन्ड्रोफोर ठरवले. येथे आधार केवळ वर्तुळांचा नाही. वस्तू म्हणून जतन झालेली चकती आणि तिची अंतर्गत रचना समोर आहे. पॉर्पिटिडी कुलाचा इतिहास मांडायचा असेल तर सुरुवात येथून करणे सुरक्षित आहे, आणि ही सुरुवात कुलिंगियाच्या मानाने दहा कोटींहून अधिक वर्षे अलीकडची आहे.

हायड्रोझोआंच्या खऱ्या छत्रिकांबाबत २००७ साली पॉलिन कार्टराइट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील यूटा राज्याच्या मार्जम शैलसमूहातून, सुमारे ५०.५ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांतून, जेलीफिशचे जीवाश्म प्रसिद्ध केले. त्यांतील एक नार्कोमेड्युसी या हायड्रोझोआ गटाशी त्यांनी जोडला. नार्कोमेड्युसी ट्रॅकिलिना शाखेतले आहेत, त्यामुळे हे निदान खरे असल्यास हायड्रोझोआंचे मुख्य विभाजन मध्य कँब्रियनपूर्वीच झाले होते, असे ठरते. पण २०२३ साली जस्टिन मून, जॉं-बर्नार्ड कॅरन आणि जोसेफ मॉयसिक यांनी बर्जेस शेलच्या रेमंड खाणीतील बर्जेसोमेड्युसा फास्मिफॉर्मिसचे वर्णन करताना अशा जुन्या कँब्रियन दाव्यांचीही फेरतपासणी केली आणि त्यांतील काही जीवाश्म कंगव्याच्या पट्ट्यांनी पोहणाऱ्या टेनोफोरांचे असू शकतात, अशी शंका मांडली. बर्जेसोमेड्युसाची बाजू तुलनेने भक्कम आहे: २० सेंटिमीटरपर्यंत उंचीची छत्री, ९०हून अधिक आखूड संस्पर्शक, आणि एकमेकांशी ताडून पाहता येतील असे १८२ नमुने. मात्र त्याचे स्थान हायड्रोझोआंत नाही. विश्लेषणात तो क्युबोझोआंच्या, किंवा स्टॉरोझोआ, क्युबोझोआ व स्कायफोझोआ यांच्या एकत्रित गटाच्या, बुंध्यापाशी येतो.

तरीही त्याचा हायड्रोझोआंशी अप्रत्यक्ष संबंध आहे. भगिनी गट बर्जेस शेलच्या काळी अस्तित्वात होता, तर हायड्रोझोआंची वंशरेषाही तेव्हा स्वतंत्र झालेलीच असणार. २०२२ साली फ्रँकी डन आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील चार्नवुड जंगलातून वर्णन केलेला ऑरोरालुमिना अटेनबरोई, जो सुमारे ५६ कोटी वर्षांपूर्वीचा पॉलिप अवस्थेतला मेड्युसोझोआ मानला जातो, मेड्युसोझोआंची वंशरेषा आणखी मागे नेतो. म्हणजे ग्लेस्नर आणि वेड यांना जो काळ अपेक्षित होता, त्या काळी हायड्रोझोआंचे पूर्वज कुठेतरी होते, हे आजही खरे मानावे लागते. फक्त ते पॉर्पिटाच्या रूपात नव्हते आणि टॉर्नेट्रेस्कच्या दगडावर त्यांचा माग नाही. ते शोधायचे असतील तर तळाला चिकटलेल्या लहान पॉलिपांच्या रूपात, त्यांच्या नळ्यांवरच्या कायटिनसारख्या आवरणात आणि पायराइटने किंवा कार्बनच्या पातळ पापुद्र्याने मऊ शरीर जपणाऱ्या मोजक्या थरांत शोधावे लागतील.